सतरा नंबरची अंगठी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून गुडघे टेकले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही दिगूकाकांना ओळखत नाही.

दिगूकाकांचं श्रीरामपूरच्या बाजारात सोनाराचं छोटं दुकान. बारावीनंतर मी त्यांच्याकडे अंगठ्या घडवायला शिकायला गेले, तेव्हा गल्ली हसली — पोरगी काय ऐरणीवर बसणार? काका हसले नाहीत. त्यांनी हातात तांब्याची तार दिली. तापवायची, ठोकायची, निमुळत्या लोखंडी कांडीवर गोल करायची, टोकं जुळवून डाक देऊन सांधायची. माझी अंगठी कधी लांबुळकी व्हायची, कधी जोडावरच उकलायची. बोटं भाजायची. तरी ते काम मला आवडायचं — अजूनही आवडतं, आणि तेच तर अवघड आहे.

योहान आमच्या चर्चच्या गायनमंडळात होता. मी त्याच्या मागच्या रांगेत. इतकंच. त्याला काही कळलं असेल का? कसं कळणार — मी कधी बोलले? त्याच्या मानेवरचा तीळ मला पाठ होता, गाण्याचे शब्द मात्र चुकायचे.

एक दिवस तो दुकानात आला. लग्न ठरलं होतं. मुलगी कोल्हारची, शेतकऱ्याघरची. तिच्या बोटाच्या मापाचा दोरा त्याने कागदात गुंडाळून आणला होता. मला बघून तो खूश झाला, अगदी मनापासून. "तूच कर," म्हणाला. तो गेल्यावर काकांनी दोरा कांडीवर कोरलेल्या आकड्यांशी धरला, "सतरा," म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या हातात सोनं दिलं.

दुपारी काका जेवायला घरी गेले. मी एकटी होते. मी ती अंगठी पंधराची केली — माझ्या बोटाची. चुकून? नाही हो. मला सगळं कळत होतं. झिलई दिली, बोटात घातली आणि काकांच्या चपला वाजेपर्यंत हात मांडीवर घेऊन बसून राहिले. आयुष्यात तेवढा वेळ मी त्याची होते. काकांनी आल्यावर जोड तपासला, चमक बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माप त्यांनी बघितलंच नाही. इतका विश्वास.

लग्नात मी गायनमंडळात उभी होते. त्याने तिच्या बोटात अंगठी सरकवली ती पेराशीच अडली. तो ढकलतोय, ती ओठ दाबून उभी. बाकांवर बायका कुजबुजल्या, कोणीतरी हसलं. शेवटी अंगठी करंगळीत घातली. मी पुढचं गाणं म्हटलं.

दोन दिवसांनी दोघं दुकानात आली. "काका, माझीच बोटं जाड हायेत," ती हात पदराखाली घेत म्हणाली. "खुरपून खुरपून अशी झालीत." काकांनी अंगठी कांडीवर घातली. मग माझ्याकडे वळले.

"मी तुला किती सांगितलं हुतं गं?"

मी म्हणाले — "पंधरा."

काकांनी तिची माफी मागितली. अंगठी स्वतः वाढवून दिली. ती दोघं गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा पुसला. "डोळं दगा द्यायला लागलं, पोरी. आता माप तूच घेत जा." मग हळूहळू कांडी माझ्याकडे आली, हातोडी आली, त्यांची बसायची जागाही आली. लोक म्हणतात, हिचं माप कधी चुकत नाही. काकाच सांगतात सगळ्यांना, दाराशी खुर्ची टाकून.

योहानची आठवण आता फारशी येत नाही. त्या दुपारची येते. ती परत मिळाली, तर मी काय करीन ते मला ठाऊक आहे.

काल काकांनी माझ्या हातातली नवी अंगठी घेतली, चष्मा न लावताच आतून अंगठा फिरवला. "सतरा का गं?"

मी कांडीवर घालून बघितली. सतराच होती.

"बरोबर, काका."

"अंदाजानं लागलं," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.