खडूची पृथ्वी

"पहले आपलं घर, मग दुनिया," असं म्हणत आमच्या भूगोलाच्या बाई काळ्या गोलावर खडूचा एक ठिपका द्यायच्या. तो ठिपका म्हणजे ग्वाल्हेर. मग त्याच्याभोवती भारताचा किनारा, आणि मग बाकीचं सगळं जग. पुस्तकात न बघता, मनानं.

पृथ्वीचे रंगीत गोल तुम्ही पाहिले असतील. हा तसा नव्हता. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या शाळेत फार जुन्या काळापासून टेबलावर उभा असलेला हा गोल पाटीसारखा कोरा काळा होता. त्याच्यावर ना रेषा, ना नावं. शिकवणाऱ्यानं खडूनं जग काढायचं, फिरवून दाखवायचं आणि तास संपला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. आता वर्गात मोठा स्क्रीन आहे, पण बाईंना त्याचं कौतुक नव्हतं. "बटन दाबलं की सगळं हजर. मग डोकं काय लोणच्यात घालायचं?" म्हणायच्या.

आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा तो गोल दुर्मिळ वस्तू म्हणून काचेच्या कपाटात ठेवायचं काढलं होतं. "मग मलाही ठेवा बाजूला," बाई म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

मी विज्ञान शिकवते. माझी प्रयोगशाळा भूगोलाच्या खोलीला लागून, त्यामुळे मधल्या सुट्टीतला चहा आमचा एकत्र व्हायचा. नया बाजारात बाई एकट्याच राहायच्या. मुलगा बंगलोरला होता आणि "आता इकडे ये" म्हणून मागे लागायचा. "तिथे जाऊन करू काय? आपल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघू?" असं मला सांगून त्या चहात बिस्किट बुडवायच्या.

एका सकाळी शेजारच्या खोलीतून हसण्याचा गलका आला. एक मुलगी ओरडत होती, "मैडम, ये तो दो-दो इंडिया हो गए!"

मी दारात जाऊन उभी राहिले. बाई हळूहळू गोल फिरवत होत्या. एका बाजूला भारत, खाली लंका, मध्ये ग्वाल्हेरचा ठिपका. गोल फिरला, आणि जिथे अमेरिका हवी तिथे पुन्हा भारत, तितकाच सुबक, खाली लंका, मध्ये ठिपका. काढलेली बाजू मागे गेली होती, कोरी समोर आली होती, आणि बाईंनी पुन्हा घरापासून सुरुवात केली होती.

"शाबास! मी बघत होते, कोण कोण जागं आहे," बाई म्हणाल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण बाई दोन्ही भारतांकडे आळीपाळीनं बघत गोल फिरवतच राहिल्या.

सुट्टीत त्यांनी दार लोटून माझं मनगट घट्ट धरलं. "कोणाला बोलू नकोस हं. मुलाला समजलं तर उचलून घेऊन जाईल मला." मग अगदी हळू म्हणाल्या, "पहिला कधी काढला, मला आठवतच नाही गं."

तेव्हापासून बाई तासाच्या आधीच जग काढून ठेवू लागल्या, आणि मुली यायच्या आत मी तो गोल पूर्ण फिरवून बघू लागले, चुकलेलं नीट करू लागले. एखाद्या दिवशी ऑस्ट्रेलिया वर सरकून जपानला चिकटलेला असायचा.

"आज कोण हरवलं?" त्या विचारायच्या.

"आफ्रिका, बाई."

"एवढी मोठी? जाईल कुठे, सापडेल."

आम्ही हसायचो. पण रोज सकाळी गोलाला हात लावताना माझी बोटं गार पडायची. आज काय नसेल, ही एकच धास्ती. बाई तर गोलाकडे बघायच्याच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायच्या.

थंडीतल्या एका दुपारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. शाळा सुटून कितीतरी वेळ झाला होता आणि बाई घरी पोचल्या नव्हत्या. मी स्कूटर काढली. नया बाजार बघितला, सराफ्यातल्या गल्ल्या बघितल्या. प्रत्येक म्हातारी मागून मला बाईंसारखीच दिसत होती. शेवटी फूलबागेत एका बाकावर सापडल्या. मांडीवर पर्स, पदराला खडू लागलेला. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"चालत चालत आले," त्या म्हणाल्या. "मग घर मागच्या बाजूला गेलं. म्हटलं, फिरत फिरत येईल समोर. म्हणून बसून राहिले."

मी शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनीच माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मला डर वाटतो गं. फार डर वाटतो. तूच लाव त्याला फोन."

मी फोन लावला. मुलाशी बोलणं संपेपर्यंत त्यांनी ते टोक सोडलं नाही.

मुलगा आला. निघायच्या दिवशी बाई शाळेत आल्या, म्हणाल्या, गोल पुसून जाते. माझा तास चालू होता. तास संपवून मी धावत गेले तेव्हा रिक्षा फाटकाबाहेर पडली होती.

फडकं नीट घडी करून टेबलावर ठेवलेलं होतं. गोल पुसलेला होता, अजून ओला. त्याच्यावर खडूचा एकच ठिपका होता.

सवयीनं मी गोल पूर्ण फिरवला. मागे दुसरा ठिपका नव्हता. ग्वाल्हेर एकच होतं. पण त्याच्या भोवती किनारा नव्हता, खाली लंका नव्हती, काहीच नव्हतं. ते आपल्या जागी होतं की नाही, हे मला सांगता येईना.