मानेचा पट्टा

माझ्या मानेला कधीही काहीही झालेलं नाही. आता पन्नाशीजवळ ती कॉम्प्युटरपायी थोडी कुरकुरते, तेवढंच. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी सवयीप्रमाणे विनोद करत बसेन, लोक हसतील आणि मुद्द्याचं राहूनच जाईल.

२००१ साली मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. आमच्या अपार्टमेंटमधल्या एका काकूंनी, ज्या इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या प्रत्येकाला दत्तक घेत, मला पहिल्याच आठवड्यात फर्मावलं, "पळायला जात जा रे. तुझ्या वजनाला कुणी मुलगी देणार नाही." म्हणून शनिवारी पार्कात पळत होतो. म्हणजे चालत होतो, पण दम पळाल्यासारखा लागला होता. मैदानावरून एक दांडगा गोरा माणूस धावत आला. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रग्बी खेळलायस कधी?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी नसतील."

माझं शरीर पाहून कुणाला आनंद झालेला मी तोवर पाहिला नव्हता. तिथेच विरघळलो.

तो मक्याच्या शेतावर वाढलेला. शाळेत कुस्ती, कॉलेजात रग्बी, मग आमचा क्लब, मग राज्याच्या निवडक संघात. पोटापाण्यासाठी दिवसा घरांची छतं घालायचा आणि कामावर जायच्या आधी व्यायामशाळेत वजनं उचलायचा. अमेरिकेत तेव्हा रग्बीवर कुणाचं पोट भरत नसे. ज्याला यातच आयुष्य काढायचं असेल त्याने इंग्लंड नाहीतर फ्रान्स गाठावं. त्याला तेच करायचं होतं, आणि त्याच्याकडे तिथे किंमत असलेली एक गोष्ट होती. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी एकमेकांत अडकवून रेटतात. त्यात पहिल्या रांगेत उजवीकडचा जो असतो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर समोरचे दोघे येतात. ती जागा पेलणारी माणसं कमी. हा ती पेलायचा. त्याच रांगेत डावीकडे मी असायचो. का, ते विचारू नका. क्लबात माणसं कमी होती.

मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा, चष्म्यामुळे. त्याची एक खोड होती. आमच्या दोघांच्या मधे जो खेळाडू असे, त्याच्या पाठीमागे जर्सीची एकच घडी आम्ही दोन बाजूंनी धरायची. माझी बोटं त्याच्या बोटांवर. "म्हणजे तू आहेस की नाही ते मला न बघता कळतं," तो म्हणायचा. मी होतो. तीन वर्षं मी बऱ्यापैकी होतो.

आई फोनवर विचारायची, "रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते ना?"

"नाही गं, हे बिनहेल्मेटचं."

"मग तर जास्तच मूर्खपणा."

तर २००४ च्या शरदातला तो शनिवार. इंग्लंडमधल्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस आमच्या कोचच्या ओळखीने शिकागोत आला होता आणि खास माझ्या या जोडीदाराला बघायला मैदानावर येणार होता. नेमक्या त्याच दिवशी मीही एक कार्यक्रम ठरवून ठेवला होता. काकूंनी नागपूरची एक मुलगी शोधली होती. शिकागोत टेस्टिंगमध्ये नोकरी. तिने सांगितलं होतं, सोफ्यावर बसून पोहे खाणार नाही, मुलगा एरवी जिथे असतो तिथेच बघेन. आणि मी फुशारकीने म्हणालो, मग मॅचलाच या. एका मैदानावर दोन दाखवण्याचे कार्यक्रम. इंग्लंडहून आलेला माणूस छत्रीवर रेलून एकीकडे, आणि दुसरीकडे काका, काकू आणि ती, घडीच्या खुर्च्यांवर, चिवड्याचा डबा उघडून.

मॅचआधी माझा जोडीदार जवळ आला. "प्रोफेसर, पाठ सरळ, कंबर खाली. जिंकायची गरज नाही तुला. फक्त राहा. बाकी मी सांभाळतो. आज मला नुसते चांगले स्क्रम हवेत."

माझ्यासमोर जो आला तो विमानतळावर सामान चढवायचं काम करायचा. त्याने मला त्याच पद्धतीने हाताळलं. पहिल्याच स्क्रमला माझे पाय जमिनीवरून सुटले. दुसऱ्याला मी उलटा. स्क्रमच्या आत डोकं असलं तरी बाहेरचं सगळं स्वच्छ ऐकू येतं.

"अरे ऊठ ना!" काकू.

"थांब गं, स्ट्रॅटेजी असेल," काका.

आणि एक हसू. तिचं. छान होतं, तेच वाईट होतं.

आमचा पहिल्या रांगेतला राखीव गडी मध्यंतराच्या आधीच लंगडत बाहेर गेला होता. नियम असा, की पहिल्या रांगेत शिकवलेलाच माणूस हवा. तो उरला नाही तर स्क्रम नुसता लावायचा, रेटायचं नाही. नाहीतर माना मोडतात. हे मला माझ्या जोडीदारानेच शिकवलं होतं. "मान दुखली तर लगेच ओरड. मान म्हटल्यावर रेफरी वाद घालत नाही." माझ्या जिवाची काळजी म्हणून शिकवलेलं ते वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं.

मध्यंतरानंतरच्या पहिल्याच स्क्रमला मी त्या घडीवरून बोटं सोडली, खाली पडलो आणि मानेला हात लावला.

पुढे मॅच संपेपर्यंत न रेटता स्क्रम लागले. सोळा धिप्पाड माणसं एकमेकांना मिठ्या मारून अदबीने उभी. छत्रीवाला माणूस घड्याळ बघायला लागला.

मॅचनंतर तो पाहुणा माझ्या जोडीदारासाठी क्लबमध्ये थांबला होता. हा मात्र चिखलाने माखलेल्या चड्डीत माझ्याबरोबर हॉस्पिटलला आला. मी म्हणालो, "तू जा, त्याला भेट." म्हणालो खरा, पण त्याचा हात सोडला नाही. इतका अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगलाही केला नव्हता. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून मानेला पट्टा दिला. आम्ही परतलो तोवर पाहुणा विमानतळावर गेला होता. कोचकडे निरोप ठेवून, की गडी चांगला पळतो, पण ज्याचा स्क्रम धड पाहिलाच नाही त्याला स्क्रमसाठी कसा घेऊ?

मंडळाच्या दिवाळीला मी पट्टा घालूनच गेलो. काकू मला भरवत होत्या. ती मुलगी ताट हातात धरून शेजारी उभी. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

त्याच वर्षी माझा जोडीदार ओल्या छतावरून घसरला आणि गुडघा गेला. इंग्लंडचा विषय तिथे मिटला. मग तो क्लबात नव्या लोकांना स्क्रम शिकवायला लागला. माझा पट्टा त्याने मागून घेतला आणि बारच्या वर खिळ्याला टांगला. नव्यांना तो दाखवून म्हणायचा, "हा माणूस मान जाईपर्यंत माझ्या शेजारी उभा होता." नवे माझ्याकडे आदराने बघायचे. मी हसून बिअर मागवायचो. तीन वर्षं मी तेच केलं.

२००८ ला माझी बदली कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला झाली. खोकी भरताना बायको सहज म्हणाली, "तुझी मान कधी दुखलीच नव्हती ना?"

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. "कधी कळलं तुला?"

"दिवाळीला. काकू मागून ओरडल्या, चकल्या संपत आल्या, आणि तू गर्रकन वळलास."

"मग लग्न का केलंस?"

"वाटलं, चकलीसाठी इतका पटकन वळणारा माणूस फार दिवस काही लपवू शकणार नाही. चुकलंच माझं." मग हसणं थांबवून म्हणाली, "माझं सोड. मला फसायचंच होतं. त्याला सांग."

क्लबच्या पार्किंगमध्ये त्याच्या ट्रकशेजारी उभं राहून मी सांगितलं. तो दुपारच्या प्रॅक्टिससाठी बूट बांधत होता. बांधायचा थांबला.

"इतका मारत होता तो समोरचा तुला?"

"मारत नव्हता. उचलत होता. आणि ती बघत होती."

इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर तो पहिल्यांदा हसला नाही.

"मला सांगितलं असतंस तर..." त्याने बुटाची नाडी पुन्हा ओढली. सांगायला काय होतं? बाकी मी सांभाळतो, हे तो आधीच म्हणून चुकला होता. मग म्हणाला, "एकच सांग. तुझी बोटं सुटली. पडल्यावर, की पडायच्या आधी?"

"आधी."

त्याने मान हलवली, जणू चार वर्षं हाच प्रश्न त्याच्या बोटांत राहिला होता. आत गेला आणि खिळ्यावरचा पट्टा काढून घेऊन आला. त्यावर धूळ होती, बिअरचे डाग होते. माझ्या हातात देत म्हणाला, "हा आता मला कुणाला दाखवता येणार नाही." बाकी काही नाही. ना शिवी, ना मिठी. लंगडत मैदानाकडे गेला.

बायको गाडी चालवत होती, पट्टा माझ्या मांडीवर. मैदानाजवळून जाताना दिसलं, तो दोन नव्या पोरांच्या मागे वाकून उभा होता, त्यांची बोटं एकाच घडीवर नीट बसवत. शेवटपर्यंत दिसावा म्हणून मी मागे वळून बघितलं.

मान छान वळली.