टेपची गाठ

सुरुंग फुटला तरी आतली माणसं वाचावीत, अशा लष्करी गाड्या त्या कारखान्यात बनत. गाडीचा तळ नावेसारखा निमुळता, आतल्या खुर्च्या छताला टांगलेल्या, आणि त्या खुर्च्यांचे पट्टे शिवायची ही बाई. सगळे तिला पट्टेवाली म्हणत. साहेबांच्या दारातल्या पट्टेवाल्याला ते अजिबात खपत नसे.

तिचा मुलगा फौजेत असलीच गाडी चालवायचा. त्याचा पट्टा आपण शिवलाय, एवढ्यावर तिचा जीव थाऱ्यावर होता. मग त्याच्याच तुकडीतली एक गाडी दुरुस्तीला आली. बाईला चैन कुठली! सहज म्हणून आत डोकावली, तर गाडी कारखान्यातून निघताना प्रत्येक पट्टा गुंडाळून तिनेच बांधलेली पांढरी टेप जशीच्या तशी. एकही गाठ सुटलेली नाही. म्हणजे पट्टे कुणी एकदाही लावले नव्हते.

तिने मुलाला फोन लावला.

"आमच्यात कुणीच लावत नाही, आई. हातमोज्यांत बकल उघडत नाही. गाडी पेटली तर आत अडकून मरायचं का?"

"आणि सुरुंग फुटला की डोकं छताला आपटेल, त्याचं काय रे मेल्या?"

"बरं, लावतो."

हे 'बरं' तिला चांगलं ठाऊक होतं. अभ्यासाला बस म्हटलं की हेच 'बरं' यायचं आणि स्वारी गच्चीवर पसार व्हायची.

तिने सांगितल्यावर सुपरवायझर म्हणाले, नव्या गाड्यांना बकल बदलून घेऊ. पण गेलेल्या गाड्यांचं काय? तिने स्टोअरमधून जाड हातमोजे आणले आणि जेवणाच्या सुट्टीत त्या गाडीत जाऊन बसली. पोरगं खरंच बोलत होतं. अंगठा नुसता घसरत होता. घरी भाजी करपली, मशीनवर सुई मोडली, नवरा काही विचारायला गेला तर त्याच्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत. शेवटी जमलं: पाठ मागे रेटायची, पट्टा सैल पडतो, मग अंगठ्याने नाही, तळहाताने दाबायचं.

तिथूनच फोन लावला.

"गाडीत आहेस? हातमोजे घाल. पट्टा लाव."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

कुरकुरत का होईना, त्याने लावला, खट्ट. तिने सांगितलं तसं केलं. फोनवर पुन्हा खट्ट ऐकू आलं.

"अरे, उघडला की!" तो हसला.

"मग आता परत लाव."

"लावतो गं. चल, निघायचंय आम्हाला."

फोन कानाशी घट्ट दाबून ती ऐकत राहिली. इंजिन सुरू झालं, कुणीतरी त्याला हाक मारली, फोन बंद झाला. खट्ट काही ऐकू आलं नाही.