काळ्या पाण्यावर जाणारा नवरा

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या वर्षी आमच्या गावच्या मंडळीनं काळ्या पाण्याचा वग बसवला. एका शेतकऱ्यावर खुनाचा खोटा आळ येतो आणि गोरा सायब त्याला जहाजात घालून समुद्रापार जन्मठेपेवर धाडतो, अशी गोष्ट. समुद्र गावात कोणी पाहिला नव्हता. कैदी झाले आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. बायांनी वगात उभं राहायचं नाही, म्हणून कैद्याची बायको झाला गावचा शिंपी.

दोन पोरांचा बाप तो! तरी मी त्याच्यावर जळायची, खोटं कशाला बोलू. मालक घरात माझ्याशी बोलायचे ते भाकर, बैल आणि वैरण, एवढंच. सासूसमोर तर माझ्याकडं पाहायचेही नाहीत. दुपारून मारुतीच्या पारावर तालीम चाले, मी घागर घेऊन मुद्दाम तिकडून जायची. तिथं हेच मालक मिशा काढलेल्या शिंप्याचा हात धरून म्हणायचे, "राणी, तुझ्यावाचून मी कसा जगू?" लग्नाला सहा वर्षं झाली होती. मला ते शब्द एकदा हवे होते. एकदाच.

वग जत्रेच्या रात्री होता; आदल्या दिवशी मालक म्हणाले, शिंप्याला नेसायला तुझं एखादं चांगलं लुगडं दे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवराही त्याला आणि लुगडंही त्यालाच? शेणपाणी करताना नेसायचं, ठिगळं लावलेलं लुगडं मी गुंडाळून शिंप्याच्या घरी धाडलं. म्हटलं, दिस आता सुंदर.

झालं उलटंच. धाड गावाहून आणलेल्या ढोलकीवाल्यानं थाप मारली, शिंपी त्या चिंध्यांत पुढं आला आणि हुबेहूब कैद्याची बायको दिसला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मालक बेड्या वाजवत निरोपाचं गाणं म्हणत होते. त्यांची नजर लुगड्यावर गेली. पुढची ओळ येईना. शिंप्याच्या गळ्यात पडून ते ढसाढसा रडले. लोक म्हणाले, वा, काय काम केलं! मी बायांत उभी राहून दात खात होते.

घरी आल्यावर विचारलंच, "त्याच्या गळ्यात पडून काऊन रडले तुमी?"

ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "तुयं लुगडं दिसलं अन् वाटलं, तुलेच सोडून चाललो."

मी जवळ सरकले. म्हटलं, "मंग ते 'राणी, तुझ्यावाचून' मले म्हना ना एकडाव."

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आत सासू खोकली, आणि ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. माझ्या वाट्याचं सगळं शिंपी ऐकून बसला होता.