गुलाबी मेणबत्ती

नेब्रास्कातल्या आमच्या चर्चमध्ये आर्डिसबाईंनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. बाई भारी फटकळ, मीही त्यांच्या हाताखालून गेलोय. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावायची. तिसरी गुलाबी, आनंदाची. तिला आधी कुणी हात लावला, तर बाई फाडून खायच्या.

यंदा दुसऱ्या रविवारनंतर त्यांचा नवरा वारला. तरी तिसऱ्या रविवारी बाई वर्गात हजर! त्यांनी घरून आणलेल्या खोक्यातून गुलाबी मेणबत्ती निघाली, ती अर्धी जळलेली.

"बाई, ही कुणी पेटवली?" माझ्या मुलीनं, डेलानं विचारलं.

"मी. दफनाहून परतले, तर घर खायला उठलं. म्हटलं, देवानं दिलेला आनंद माझ्या रडण्यानं विझतो का, बघूच."

"मग, विझला?"

"नाही गं. शेवटी मीच फुंकर मारली. तुम्हाला उरायला नको?"