सिस्टर चार वेळा आल्या होत्या

“आजारी नसताना या. आजारी पडल्यावर काय, सगळेच येतात.”

दारात चपला काढता काढता सिस्टर हे म्हणायच्या आणि मग पाणी मागायच्या. तुमच्याही गावात अशी एखादी नर्सबाई असेल. तिचं नाव कोणाला ठाऊक नसतं, ती सगळ्यांची सिस्टरच असते. आमच्या सिस्टर मसोलीला भाड्याच्या खोलीत राहायच्या. सकाळी रिक्षाने वरोरच्या बाजूला उतरायच्या, पुढे दिवसभर पायी.

मी चिकूवाडीवाला. हंगामात तलासरीकडच्या पाड्यांवरची वीस-पंचवीस माणसं माझ्या वाडीत राहायला यायची. पुरुष चिकू उतरवायचे, बायका ते धुऊन निवडायच्या. एका हंगामात सिस्टर म्हणाल्या, “काका, तुमची शेड एक दिवस द्या. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायची आहे. तिथला कॅन्सर व्हायच्या आधी कळतो. कळला तर थांबवता येतो.”

मी शेड दिली. चार लोकांत ते सांगूनही घेतलं.

चादरींचा आडोसा केला होता. बायका पदर तोंडावर घेऊन एकमेकींना पुढे ढकलत होत्या. शेवटी लक्षी उठली. निवडणाऱ्या बायकांची ती म्होरकी. आडोशाबाहेर व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. ती आतून ओरडली, “बाय, लोणचा घालतेस काय माझा?”

“घालते. मुरलीस की सांगते,” सिस्टर म्हणाल्या. बाहेर सगळ्या हसल्या, आणि मग रांग लागली.

त्या औषधाने आत पांढरा डाग उठला तर पुढे मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सिस्टर एवढंच म्हणाल्या, “लक्षीला डहाणूला न्यायचं आहे. परवा गाडी आणते.”

“काय झालंय तिला?”

“ते तिला सांगितलंय. तुम्हाला नाही सांगणार.” असं तोंडावर बोलणारी बाई. मला राग आला नाही, खोटं कशाला सांगू, थोडा आला.

त्या आल्या तेव्हा दिल्लीला चिकू नेणारा ट्रक दारात उभा होता. मी म्हटलं, आज जमणार नाही, परवा या. त्या परवा आल्या. ट्रक पुन्हा उभा होता. लक्षी नसली की बाकीच्या बायकांचे हात संथ होत. मी फाटकातच उभा राहून म्हणालो, “ती गेली. नवऱ्याला उंबरगावला कंपनीत काम लागलं.”

आमच्याकडे हे कोणालाही खरं वाटतं. रोज कोणी ना कोणी उंबरगावला जातंच.

लक्षी तेव्हा शेडमागच्या टाकीवर चिकू धूत होती. वीस-पंचवीस पावलांवर. माझ्याकडे मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. कारण तेवढंच होतं.

संध्याकाळी लक्षीने विचारलं, “शेठ, बाय आली नाय?”

“नाही.”

“नाय आली म्हंजे काय नसंल,” ती म्हणाली. मी मान हलवली.

सिस्टर आणखी दोनदा आल्या. पत्ता कळला का, गावचा पाडा कोणता, कोणाचा फोन आहे का. मी म्हणालो, मजुरांचं काय सांगावं. हंगाम संपून माणसं पाड्यावर परत गेल्यावर एकदा माझा पुतण्या घरी आला. तो उंबरगावला कारखान्यात होता. “काका, तुमच्या सिस्टर गेल्या रविवारी आमच्या गेटवर होत्या. पाळी सुटताना एकेका बाईला विचारत होत्या, लक्षी कोणी आहे का म्हणून. त्याच्या आधीच्या रविवारीही होत्या म्हणे.”

स्वतःच्या सुटीच्या दिवशी, स्वतःच्या पैशाने. मी चहा पीत होतो. तो संपवला. तेव्हासुद्धा बोललो नाही.

पुढच्या हंगामात लक्षी आली नाही. त्यापुढच्या हंगामात तिचा नवरा आला, तिचे दिवस करून. भर ग्रामसभेत सिस्टरांकडे बोट करून उभा राहिला. “हिनी माझ्या बायकोला तपासली आन परत ढुंकून बघितला नाय. डॉक्टर बोलला, आधी आणली असती तर जगली असती.”

सिस्टरांनी वही उघडली. “उंबरगावला गेल्याची नोंद आहे.”

“आम्ही उंबरगावला गेलोच नाय! शेठच्या वाडीवर होतो!”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तिथेच सगळं कळलं. सगळी सभा माझ्याकडे पाहत होती आणि मी म्हणालो, “लिहिताना चूक होते कधी कधी.”

त्यांनी वही मिटली. “कमी पडले मी,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्यावर शेरा आला, बदलीचा कागद आला. आमच्याकडे आजही म्हणतात, ‘ती सिस्टर ना? तपासून विसरणारी.’ त्या विसरल्या नव्हत्या. चार वेळा माझ्या फाटकात आल्या होत्या. मी खोटं बोललो होतो. सिस्टर आता हयात नाहीत, त्यांची माफी मागायची सोय मी ठेवली नाही. लक्षीच्या नवऱ्याकडे मी तलासरीला जाऊन आलो. त्याने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

सभेत त्या गप्प का राहिल्या, ते मला आठवड्याने समजलं. बदलीवर जायच्या आधी त्या वाडीत आल्या. “काका, या वर्षी नव्या आलेल्या बायका तपासायच्या राहिल्या आहेत. शेड मिळेल?” फाटक माझं होतं. माझं नाव घेतलं असतं तर ते बंद झालं असतं, हे त्यांनी भर सभेत, तेवढ्या क्षणात हेरलं होतं.

तपासणी झाली. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, “दोघींना उद्या डहाणूला न्यायचं आहे.”

“पाठवतो,” मी म्हणालो.

सकाळी मी फाटक उघडायला गेलो तर गाडी आधीच बाहेर लागली होती, आणि सिस्टर फाटकाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मला बाजूला सारून त्या आत गेल्या. दोघींना दोन हातांनी धरून आणलं, गाडीत बसवलं आणि स्वतः दाराकडच्या बाजूला बसल्या.

त्या दोघी अजून येतात हंगामाला.