हस्तिदंतावरची आजी

आमची आजी सुपारीच्या डबीएवढी होती. म्हणजे तिचं चित्र! हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंगवलेलं, वर काच. आत्याला जन्म देऊन आजी गेली. फोटो एकही नाही. आजोबांनी हैदराबादला चिताऱ्यासमोर बसवून काढून घेतलेलं हे एवढंच. पिंगळीत राहणारी आत्या रोज त्याला नमस्कार करून मगच चहा घ्यायची.

यंदा तिचा मुलगा गजा हैदराबाद पाहून आला आणि शहाणा झाला.

"आये, असल्या राण्या तिकडं बाजारात ढिगानं हायत! प्लास्टिकवर छापत्यात. ही तुजी आई न्हाई, कोन्या नवाबाची बेगम हाय!"

आत्यानं त्या दिवशी चहा घेतला नाही. मला फोन केला. "तू ड्रॉइंग मास्तर हाईस ना? येऊन सांग बाबा. जलमभर कोनाच्या पाया पडायले मी?"

(मी बोरीच्या शाळेत माठ आणि केळी काढायला शिकवतो. पण आत्याला नाही कोण म्हणणार!) मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, भिंग घेतलं आणि निघालो. पोचलो तो दिवस अविधवा नवमीचा, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या पित्राचा. आजीचाच.

काच काढून बाजेवर ठेवली. भिंगातून पाहिलं, तर बारीक ठिपके; छापील की कुंचल्याचे, कळेना! उजेडाला धरलं, तर चकतीत खऱ्या हस्तिदंतात असतात तशा बारीक जाळीदार रेषा! मागून तापलेली सुई टेकवली.

"सुई कशाला टोचायलास रे माज्या आईला?" आत्या कळवळली.

"पाठीला टोचली, आत्या. वितळलं नाही बघ. हस्तिदंत खरा आहे."

"पन वरचं चित्र छापील असंल तर?" गजा काही सोडेना.

मी विद्वानासारखा विचार करत उभा राहिलो. तेवढ्यात चकती पाटावर नेऊन ठेवत आत्या म्हणाली, "निवद झाला. आधी फोटो पूस, मग बोल."

घरी दरवर्षी करतो तेच काम. पाटावरचे आजोबा, शेजारी चुलते, शेवटी आजी. ओलं फडकं घेतलं आणि घसाघसा पुसत गेलो. आजोबा लख्ख झाले. चुलते लख्ख झाले. आजी गेली. (दुसऱ्यांदा.)

काच बाजेवरच होती! फडक्यावर थोडा गुलाबी रंग, थोडा काळा. चकतीवर फक्त एक कान उरला होता.

गजानं फडकं उलटून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "छापील असतं तर पुसलं नसतं."

आत्यानं चकती ओंजळीत घेतली. "म्हंजे... माजीच आई होती?"

"हो, आत्या. अस्सल." मला रडू आवरेना.

तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि त्या पांढऱ्या चकतीवर ते तसंच धरून ठेवलं. "कुटं लावू रे आता?"

मी जागा दाखवली. ड्रॉइंग मास्तर आहे शेवटी! एका कानावरून कपाळ कुठं येतं, एवढं तरी मला सांगता येतं.